तर्जनीचा स्वतःचा स्नायू

डावा तळहात टेबलावर पालथा ठेवून फक्त अंगठा वर उचलला, की त्याच्या टोकापासून टेबलापर्यंतचं अंतर सव्वीस मिलिमीटर भरतं. उजव्या हाताचं अंतर शून्य होतं. मी खाली वहीचा एक सुटा कागद सरकवून पाहिला. तोही अडकला.

हे माप मी शाळेच्या स्टीलच्या पट्टीने रोज सकाळी घेत होते आणि एका जुन्या प्रयोगवहीच्या मागच्या पानावर तारखेसमोर लिहीत होते. सोळा सप्टेंबरपासून बावीस सप्टेंबरपर्यंत सात शून्यं एकाखाली एक आली.

जूनमध्ये शाळेच्या जिन्यात माझा पाय घसरला आणि उजव्या मनगटाजवळच्या हाडाला बारीक चीर गेली. हाड जागचं हललं नव्हतं. पाच आठवड्यांनी प्लास्टर निघालं, तेव्हा सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. त्यानंतर नवव्या दिवशी मी वर्गात खडू उचलायला गेले, तर अंगठा तळहाताकडे पडून राहिला. दुखलं काहीच नाही. अंगठा मागे उचलणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, चिरेच्या खरबरीत कडेवर घासून घासून तुटली होती. असं होतं कधीकधी, डॉक्टर म्हणाले, आणि हाड जागेवर असतं तेव्हाच जास्त होतं.

झिजलेली टोकं एकमेकांना जोडता येत नाहीत. दुसरी कंडरा आणावी लागते, आणि ती तर्जनीकडून आणतात. तर्जनी सरळ करायला माणसाला दोन स्नायू आहेत. एक चारही बोटांचा सामाईक. दुसरा तिचा स्वतःचा: मनगटाच्या वर, हाताच्या मागच्या बाजूला, खोलवर, करंगळीकडच्या हाडापासून निघणारा, लहानसा. बाकीची बोटं मिटून एकटी तर्जनी ताठ करता येते, ती त्याच्यामुळे. ऑगस्टमध्ये त्याची कंडरा तर्जनीच्या मुळाशी कापून माझ्या अंगठ्याला शिवली. तर्जनी आता सामाईक स्नायूवर चालते. अंगठ्याला नवा स्नायू मिळाला आहे, पण मेंदूच्या लेखी तो अजून तर्जनीचाच. त्यामुळे सुरुवातीला अंगठा उचलायचा, तर मनात अंगठ्याचा विचार करून चालत नाही. बोट दाखवायचा विचार करावा लागतो.

हे सगळं मला समजत होतं. मी उधन्याच्या मराठी शाळेत चोवीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. समजत होतं, आणि माप शून्य येत होतं.

घरी दुसरं कोणी नव्हतं. भेस्तानमधलं हे पहिल्या मजल्यावरचं घर मी माझ्या पगारातून घेतलं, वडील लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यातून निवृत्त झाले त्या वर्षी. पुढे ते गेले. या फेब्रुवारीत आई गेली. आतली खोली तेव्हापासून रिकामी आहे. मागच्या गल्लीतल्या लूम दिवसभर चालतात, त्यामुळे घरात शांतता अशी कधी नसते. तरी संध्याकाळी शाळेतून येऊन डाव्या हाताने कुलूप काढलं, की आत पाऊल टाकण्याआधी मी क्षणभर थांबायचे. कोणी "आलीस का" असं विचारायचं ते विचारून होईल इतका वेळ. मग आत जायचे.

फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा जायचं होतं. तिथली जागृती सव्वीस-सत्तावीस वर्षांची, कतारगामची. तिच्याकडे हिरे घासणारे कारागीर खूप येतात, त्यामुळे बोटं तिला चेहऱ्यांसारखी लक्षात राहतात. ती गुजरातीत सुरू करते, हिंदीत जाते आणि माझ्यासाठी मराठीत संपवते.

तेवीस तारखेला तिने माझ्या हाताच्या मागच्या बाजूला, मनगटाच्या चार बोटं वर, स्वतःची दोन बोटं टेकवली.

"हवे, आता विचार करा नूतनबेन, सामने बारी छे. ती खिडकी मला दाखवा. बोट दाखवा."

मी विचार केला.

"करा."

"करतेय."

"नथी करता. आतमध्ये काहीच हलत नाही. मसल सूई गयो छे, झोपलाय." तिने बोटं काढली. "घरी करता?"

"सकाळी पन्नास, संध्याकाळी पन्नास."

"बोट कोणाला दाखवता?"

"कुणाला नाही. नुसतं दाखवते."

"नुसतं नाही चालत, बेन. किसी को दिखाओ. घरात कोण असतं?"

"कोणी नसतं."

तिने उगीच माझ्या हाताखालची उशी नीट केली आणि म्हणाली, "चला, डाव्या हाताने खिडकी दाखवा. शरम नको."

मी डाव्या हाताने खिडकी दाखवली. जागृती खिडकीकडे न बघता माझ्या हाताकडेच बघत राहिली.

"बेन, ए शुं छे?"

मी पाहिलं. माझी मूठ मिटलेली होती. तर्जनी आत वळलेली होती, आणि तिचं मधलं पेर खिडकीकडे केलेलं होतं.

"दरवाजा खटखटवताय का तुम्ही?" जागृती हसली. "ह्याला पॉइंट म्हणतात? चोवीस वर्षं मुलांना असंच दाखवता?"

"फळ्यावर लाकडी पट्टीने दाखवते," मी म्हणाले. "मुलांना नावाने हाक मारते."

ते खरं होतं. मला आठवेना, मी ताठ बोट शेवटचं कधी दाखवलं होतं. म्हणजे आठवडाभर मी मनात जी खूण करत होते, तिच्यात त्या स्नायूला कामच नव्हतं. वाकडं बोट दाखवायला तो लागत नाही. मूठ आणि मनगट पुरतं.

याचं कारण मला बसमध्ये आठवलं. बस उधना दरवाजाच्या सिग्नलला बराच वेळ उभी होती.

आई दर वर्षी डब्यांमध्ये गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल लावायची. तेव्हा आम्ही भाड्याच्या चाळीत राहायचो, वेल पत्र्यावर चढायचा. वेलावरच्या कोवळ्या फळाला बोट दाखवायचं नाही, सडतं, असं ती सांगायची. दाखवायचंच असेल तर बोट वाकडं करून, पेराने. "बोट नको दखाडू, नूतन, सडी जाई." खानदेशातून आलेल्या सगळ्याच घरांत हे होतं. पण मी तेरा वर्षांची होते आणि वर्गात नुकतंच प्रयोग म्हणजे काय ते शिकवलं होतं. मी सहा गिलक्यांना दोरे बांधले. तीन लाल, तीन पांढरे. लाल दोऱ्यांच्या गिलक्यांना रोज सकाळी ताठ बोट दाखवायचे, पांढऱ्यांना नाही. दहाव्या दिवशी लालातलं एक सडलं, पांढऱ्यातलंही एक सडलं. दोन्हींत फळमाशीच्या अळ्या होत्या. निष्कर्ष मी वहीत लिहिला.

आईला दोरे सापडले. तिने विचारलं नाही, रागावलीही नाही. दोरे सोडून माझ्या उशीखाली ठेवले आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताटात गिलक्याची भजी वाढली. वही मी अजून ठेवली आहे. बोट मात्र तेव्हापासून वाकलं, आणि ते वाकलं आहे हेही मी विसरले.

आमच्या घरात गोष्टी अशाच सांगितल्या जायच्या, पेराने. गॅलरीच्या खिडकीतल्या पेल्याची गोष्टही तशीच.

प्रभावतीताई आमच्या शाळेत गणित शिकवायच्या. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. त्यांचे वडील नंदुरबारकडून येऊन उधन्याच्या रेल्वे यार्डात लागले होते. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. शाळेतून आम्ही दोघी एकाच रिक्षाने यायचो आणि कधीकधी त्या चहाला वर यायच्या. पहिल्या दिवशी मी त्यांचं आडनाव सांगितलं, त्यांच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे हेही सहज बोलून गेले, तेव्हा आई "बरं" म्हणाली. दुसऱ्या वेळी गॅलरीत एक खुर्ची आली होती. तिसऱ्या वेळी खिडकीच्या कठड्यावर स्टीलचा एक पेला आला. त्या पेल्यात त्यांना चहा मिळायचा. पिऊन झाला की त्या गॅलरीतल्या नळावर पेला विसळून कठड्यावर पालथा घालायच्या. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. एकवीस वर्षं. मी तिथेच असायचे, कपबशीत माझा चहा घेऊन.

आईच्या तेराव्यानंतर त्या भेटायला आल्या. गॅलरीतल्या खुर्चीत बसून म्हणाल्या, "आतली खोली आता रिकामी राहणार. भाडेकरू म्हणून मी कशी वाटते तुला?"

त्या हसत म्हणाल्या होत्या, पण हसणं आधी संपलं आणि बघणं नंतरही चालू राहिलं.

मी म्हणाले, "बघू."

"बघ," त्या म्हणाल्या.

मग सात महिने मी बघत होते. भाऊ काय म्हणेल. गावाकडचे काय म्हणतील. आईच्या फोटोसमोर त्यांनी दिवा लावला तर मला कसं वाटेल, आणि नाही लावला तर कसं वाटेल. कधी असंही वाटायचं, मला एकटीलाच बरं आहे. हे मी इतक्या लोकांना सांगितलं होतं की ते माझं मत आहे असा माझाही समज झाला होता.

माझा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा प्रभावतीताई दर दोन दिवसांनी यायच्या. आईने चिंधीत बांधून ठेवलेलं गिलक्याचं बी त्यांनीच गॅलरीतल्या डब्यांत लावलं. भाजी त्यांनीच चिरून दिली, गॅलरीत बसून. विळी आणि भाजी मी आतून बाहेर आणून द्यायचे, चिरलेली आत न्यायचे. उंबरठा दोन इंच उंच आहे. आत या, असं मी म्हटलं नाही. चहाही त्याच पेल्यात दिला, कारण हाताला तीच सवय होती. एकदा पेला उचलताना त्या म्हणाल्या, "हा पेला माझाच. इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणी तोंड लावलं नाही, म्हणजे मालकी सिद्ध झाली की नाही? सांग तुझ्या विज्ञानाने."

मी हसले. त्यांनी पेला विसळला.

तेवीसच्या संध्याकाळी मी टेबलाशी बसले. आधी डाव्या हाताने समोरच्या दाराच्या कडीकडे ताठ बोट केलं. बोट खूप लांब वाटलं, दुसऱ्याचं असावं तसं. मग डोळे मिटून तीच खूण उजव्या हाताने मनात केली. मनगटाच्या वर, आत कुठेतरी, काहीतरी आवळलं. डोळे उघडले तेव्हा अंगठा टेबलावर नव्हता. चार मिलिमीटर.

ते सांगायला घरात कोणी नव्हतं. मी पट्टी पुन्हा लावून पाहिली. चारच होतं. मग वहीत लिहिलं आणि पंखा बंद करून झोपले.

पुढच्या आठवड्यात पाच, सहा, सहा, आठ. जागृतीने सांगितलं होतं की रोज नवी वस्तू निवडा. मी कपाट, घड्याळ, आईची रिकामी खाट अशा वस्तू निवडल्या. तीस तारखेला खिडकीच्या कठड्यावरचा पालथा पेला निवडला. अकरा भरले. एका मापावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून मी पेल्याकडे आणखी दोनदा बोट केलं. अकरा, बारा. वेल त्या खिडकीवरूनच वर गेलेला आहे. गिलकी वीतभर झाली होती.

एक तारखेला प्रभावतीताई आल्या, त्या खुर्चीत बसण्याआधीच बोलल्या.

"आमची बिल्डिंग पाडताहेत. दिवाळीच्या आत खोली मोकळी करायची आहे. संदीपला सांगितलं, नाशिकला येते म्हणून. आठ तारखेचं तिकीट काढलंय त्याने."

संदीप त्यांचा पुतण्या.

"तिकडे करमेल तुम्हाला?" मी विचारलं.

"तिकडे हॉलमध्ये झोपायचं आहे. टीव्हीसमोर. सून चांगली आहे, रिमोट माझ्या हातात देते." त्यांनी वेलाचं एक टोक जाळीत अडकवलं. "तू काय म्हणतेस?"

मला माहीत होतं, त्या काय विचारताहेत. माझा उजवा हात माझ्या मांडीवर होता.

"बघू," मी म्हणाले. म्हणताना ऐकूही आलं.

"बरं," त्या म्हणाल्या. हे "बरं" मी याआधी आईच्या तोंडून ऐकलं होतं.

पाच तारखेला, रविवारी, योगराज आला. तो माझा धाकटा भाऊ. चलथाणच्या साखर कारखान्यात आहे, तिथेच राहतो. शाळेमुळे माझी घरातली बोली सुटली, तो मात्र माझ्याशी हट्टाने अहिराणीत बोलतो. वाईट माणूस नाही. येताना माझ्यासाठी पाठीला लावायची गरम पाण्याची पिशवी घेऊन आला होता, हात मोडला आहे हे माहीत असूनही.

प्रभावतीताई गॅलरीत होत्या. जायच्या आधी वेल नीट बांधून द्यायचा म्हणून सुतळी घेऊन आल्या होत्या.

"नमस्कार बाई," योगराज जाता जाता म्हणाला.

"काय योगराज, साखर गोड आहे ना अजून?"

"तुमनी कृपा," तो म्हणाला आणि आत येऊन टेबलाशी बसला. मी चहा केला. कप त्याने स्वतः उचलून आणले, मला उचलू दिले नाहीत.

"ताई, आते बस झाया," तो म्हणाला. "घर बंद कर. चलथाणले चाल. पोरंबी खूश व्हतीन."

"माझी शाळा उधन्याला आहे, योगराज."

"बस शे ना."

"दीड तास लागतो."

"मंग? आठे काय शे? हात असा शे. कुलूप उघडता येस का तुले?"

"डाव्याने येतं."

"डाव्याने येतं," त्याने माझ्यासारखं करून म्हटलं. मग आवाज खाली आणला. "न्हाणीघरात पडनी तर कोन देखी? माय व्हती तवयनी गोष्ट येगळी. माले झोप नही लागत, ताई."

हे खरं होतं. तो फोन करतो तेव्हा आधी दोन-तीन सेकंद नुसता ऐकत असतो, मी श्वास घेते आहे ना असा. मला त्याचा राग आला नाही. बाहेर गॅलरीत सुतळी कापल्याचा आवाज आला. उंबरठ्यापासून टेबल सहा फुटांवर आहे. बाहेरून आतलं सगळं ऐकू येतं, एकवीस वर्षं येत आलेलं आहे.

"तू सांग ना मंग," योगराज म्हणाला. "कोन राही आठे तुनासंगे?"

मी उजवा हात टेबलावरून उचलला. आधी मूठच झाली, नेहमीसारखी, आणि पेर पुढे आलं. मी ते पाहिलं. मग तर्जनी उघडली. ती सामाईक स्नायूवर चालते, सावकाश येते, पण आली. आणि तिच्याबरोबर, मी सांगितलं नसताना, अंगठा मागे जाऊन उभा राहिला, शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच इतका. पट्टी हाताशी नव्हती.

माझं बोट गॅलरीकडे होतं. तिथे प्रभावतीताई वेलाच्या खाली उभ्या होत्या, दातांत सुतळी धरून, आणि त्यांच्या खांद्याशी तीन गिलकी लोंबत होती. त्यांनी वळून पाहिलं.

योगराजने आधी माझ्या बोटाकडे बघितलं, मग ते कुठे जातं तिकडे. त्याला कळलं. पण तोंडातून निघालं ते आईचंच.

"ताई, बोट नको दखाडू. गिलकं सडी जाई."

"सडू दे," मी म्हणाले. हात खाली घेतला नाही. "प्रभावतीताई राहतील. आईच्या खोलीत. ताई, नाशिकचं तिकीट परत करा, आणि तो पेला घेऊन आत या."